इंदूर नगरीची शुद्धी

योगशास्त्रात नियमांची गणना करताना शौचाला पहिले स्थान दिलेले आहे. देहाचे शौच आणि मनाचे शौच यांविषयी साधकाला पुष्कळ उपदेश मिळतो. परंतु नगरालाही शौच असते, याचे भान आपल्या पूर्वसूरींना होते. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण व चिखलपाणी तुंबवून वाट अडवणाऱ्यास पाव पण दंड कौटिल्याने सांगितला आहे. देवालयापाशी अथवा जलाशयापाशी मलोत्सर्ग करणाऱ्यास तो याहून अधिक. मात्र एक प्रश्न दंडाने सुटत नाही. नगर वाढते तेव्हा त्याची घाण सखल जागी साचते आणि ज्यांना अन्यत्र जागा परवडत नाही, ती माणसेही तेथेच येऊन राहतात. अशा नगराची शुद्धी कोणी व कोठून आरंभावी? होळकरांच्या इंदुरास हा प्रश्न वारंवार पडला, आणि एकदा त्याचे उत्तर दिवाळीच्या मिरवणुकीत मिळाले.

खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या संगमापाशी इंदूर वसले. अहिल्याबाईंच्या काळी राज्यकारभार महेश्वराहून चाले. १८१८ च्या मंदसोर तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि तिच्याबरोबर दरबारी मंडळी, सावकार व व्यापारी आले. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, संस्थानची कापडगिरणीही काढली. पुढे मालवा मिल व १९१५ मध्ये हुकुमचंद मिल उभी राहिली. माळव्यातील खेडी, राजपुताना, खानदेश आणि उत्तरेकडील प्रांत येथून मजूर आले. गिरणीला त्यांचे हात हवे होते. त्यांच्या बिऱ्हाडाची चिंता वाहणारे थोडे होते. धनिकांची घरे तुकोगंजाच्या मोकळ्या हवेत सरकली, तर कष्टकऱ्यांच्या झोपड्या नदीकाठी व ओढ्याकाठी दाटल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी या नगरीत प्लेग वारंवार फिरला. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी लोक भयाने शहर सोडून गेल्यामुळे मोजलेली लोकसंख्या पूर्वीपेक्षा पुष्कळ खाली आली. अशा काळी, तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत, पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे विद्वान नगररचनेचा सल्ला देण्यासाठी इंदुरास आले. १८५४ मध्ये जन्मलेले गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. वृक्ष पाहावा तसे ते नगर पाहत. गल्लोगल्ली पायी हिंडताना लोक त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. घरे पाडण्यासाठी आलेला साहेब, अशी वदंता पसरली. तेव्हा गेडीसांनी दरबारापाशी एक विलक्षण मागणी केली : दिवाळीपुरते आपणास एका दिवसाचे महाराज करावे!

मागणी मान्य झाली. मग दवंडी पिटली गेली की, यंदाची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक झाडलेली व डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. आपल्या दारावरून मिरवणूक जावी असे कोणास वाटणार नाही? घरोघरी सफाई सुरू झाली, भिंतींना रंग लागला, केराच्या गाड्या भरभरून शहराबाहेर गेल्या आणि उंदीर हजारोंनी पकडले गेले.

त्या दिवशी मिरवणुकीत पडक्या घरांचे देखावे होते. रावणाची प्रचंड प्रतिमा होती. तिच्यामागे प्लेगचा राक्षसी उंदीर होता. या दु:खाच्या देखाव्यांमागून शहरातील झाडूवाले निघाले. अंगात शुभ्र वस्त्रे, हातात नवे झाडू, गळ्यात फुलांच्या माळा. त्यांच्या गाड्या धुतलेल्या आणि बैल सजवलेले. ज्यांची सावलीही टाळली जात असे, ती माणसे लक्ष्मीच्या रथाच्या पुढे चालली होती. लक्ष्मीमागून इंदूर नगरीची नवी देवता आली आणि शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली. सायंकाळी रावण व उंदीर दोघांचे दहन झाले. त्यानंतर प्लेग ओसरला. त्याचा मोसम संपत आला होता हे खरेच. परंतु झाडलेल्या घरांचाही त्यात वाटा होता.

गेडीसांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. घरे पाडली म्हणजे दारिद्र्य नाहीसे होत नाही, ते पुढच्या गल्लीत जाऊन अधिक दाटते, हे त्यांनी ओळखले होते. कुशल वैद्याप्रमाणे अगदी आवश्यक तेवढेच कापावे, बाकीचे जपावे, असा त्यांचा मार्ग होता. अंगणातील तुळशीवृंदावनात त्यांना घराच्या आरोग्याची व गृहिणीच्या सुसंस्काराची खूण दिसली.

हा बोध नगरी पुढे विसरली. स्वातंत्र्यानंतर शहर चहूबाजूंनी पसरले आणि नद्या नाले होऊन गेल्या. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरास आले. वापरून मलिन झालेल्या पाण्याची वाट मात्र खान नदीतूनच राहिली. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडून हजारो कामगारांच्या चुली विझल्या. थकलेल्या देण्यांसाठी त्यांना तीन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले.

तथापि त्याच सुमारास हिमांशु पारिख या अभियंत्याने गेडीसांच्या विचाराशी जुळणारी एक गोष्ट ध्यानात आणली. गरिबांच्या वस्त्या बहुधा पाण्याच्या नैसर्गिक उताराच्या वाटेवरच असतात. तेव्हा तेथूनच रस्ते व मलवाहिन्या काढल्या तर वस्तीही सुधारेल आणि अवघे नगरही शुद्ध होईल. या कामास १९९८ मध्ये आगाखान वास्तुकला पारितोषिक मिळाले. पुढे देखभालीअभावी अनेक ठिकाणी वाहिन्या तुंबल्या. काम एकदा करून भागत नाही. नित्यकर्माप्रमाणे ते रोज करावे लागते. २०१७ मध्ये इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, आणि नंतरही वर्षानुवर्षे ठरत राहिले, ते रोज पहाटे झाडू हाती घेणाऱ्यांच्या अशाच नित्यकर्मामुळे.

खान नदी पुढे उज्जयिनीजवळ क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी तिचे पाणी घाटांपासून दूर नेण्यासाठी मोठी जलवाहिनी टाकावी लागली. इंदूरच्या ओढ्याकाठच्या झोपडीपाशी जे पाणी मलिन होते, तेच पुढे यात्रेकरूच्या ओंजळीपर्यंत पोहोचू पाहते. तीर्थाची शुद्धी घाटावर आरंभत नाही. ती वरच्या अंगाला, दरिद्री नारायणाच्या दारापाशी आरंभते. गेडीसांनी झाडूवाल्यांना लक्ष्मीच्या पुढे चालवले, त्यात हाच क्रम होता. आधी झाडू, मग लक्ष्मी. प्रत्येक उत्सवाच्या आदल्या दिवशी मठाचे प्रांगण झाडणाऱ्या सेवेकऱ्यास हा क्रम ठाऊक आहे. तो प्रांगणाच्या भिंतीबाहेरही तितकाच खरा आहे.