निलगिरी नावाचं झाड

आमच्या घरी निलगिरी म्हणजे फडताळातली छोटी बाटली. सर्दी झाली की आई रुमालावर दोन थेंब टाकायची. निलगिरी हा मुळात डोंगर आहे हे मला नीट उमगलं ते उटीला बदली झाल्यावर. आणि त्या डोंगराचं नाव आपण ज्याला देऊन बसलो ते झाड ऑस्ट्रेलियाचं, हे त्याहून नंतर.

डोंगराचं स्वतःचं रान म्हणजे शोला. खळग्यांत, ओढ्यांच्या कडेनं वाढलेली बुटकी, गच्च झाडी, खोडांवर शेवाळ. भोवती मोकळी कुरणं, त्यांत तोडा लोकांच्या म्हशी. या झाडीच्या तळाशी शोलाकिळी राहते. चिमणीएवढी, पाठ गर्द निळी, पोट विटकरी, पाय लांबुडके. कुजक्या पानांवर टुणटुणत किडे वेचते आणि उजेडात यायला नाखूष. शीळ मात्र धुक्यातून लांबवर ऐकू येते.

१८१९ साली कोइंबतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन कोटागिरीला चढून आला. मागोमाग बंगले आले, छावणी आली, आणि शेगड्यांसाठी शोला तुटू लागला. १८४०च्या दशकात जर्डन या डॉक्टरानं शोलाकिळीची शास्त्रात नोंद केली. त्याच दशकात, १८४३ साली, सरपणाची सोय म्हणून ऑस्ट्रेलियाचं ते झाड इथं लावलं गेलं. पुढे कातडी कमावायला साल हवी म्हणून वॅटल आला, चहाचे मळे आले. सगळ्यात जास्त जागा गेली ती कुरणांची, कारण सरकारी दप्तरात गवत म्हणजे पडीक. स्वातंत्र्यानंतर आपणही हेच दप्तर पुढे चालवलं, याचं मला फार वाईट वाटतं. पुण्याभोवतीच्या माळरानांनाही आपण पडीकच म्हणत आलो.

आता शोलाचे तुकडे उरलेत आणि हे पाखरू त्या तुकड्यांत अडकलंय. २०१७ साली अभ्यासकांनी या पाखरांची वेगळी प्रजाती (जीनस) मांडली आणि नाव ठेवलं शोलिकोला, म्हणजे शोलात राहणारा. घराचंच नाव लागलं.

उटी सोडण्याआधी एका पहाटे मी ओढ्याशी उभा होतो. अलीकडे निलगिरीची लागवड, पलीकडे शोलाचा जेमतेम एकरभर तुकडा. शीळ आली ती पलीकडूनच. तासभर थांबलो. अलीकडे सालींचे लांब पापुद्रे सुटून खाली पडत होते, तेवढाच आवाज.