पत्त्यांची द्विरुक्ती, संगणक-जाळ्यांतील

एकाच जाळ्यातील दोन संगणकांनी एकच अंकीय पत्ता धारण केला म्हणजे जी अव्यवस्था उद्‌भवते, तीस पत्त्यांची द्विरुक्ती किंवा पत्ता-संघर्ष असे म्हणतात. अशा वेळी संदेश कधी एका यंत्राकडे, तर कधी दुसऱ्याकडे जातो आणि दोन्ही यंत्रे निर्दोष असूनही बिघडल्यासारखी भासतात. एका संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविणारे मेघ-संगणन रूढ झाल्यावर या दोषास विशेष महत्त्व आले.

पूर्वपीठिका : पत्ता अनन्य असावा, ही गरज संगणकाहून जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात वडगाव पान व वडगाव लांडगा, तसेच निमगाव जाळी व निमगाव भोजापूर अशी गावे आहेत. मूळ नाव समान असल्याने जोडनावाने भेद राखला जातो. अन्यत्र हेच कार्य बुद्रुक व खुर्द हे शब्द करतात. देशव्यापी टपालास एवढा भेद पुरेसा नव्हता. सारखी ग्रामनामे आणि विविध भाषा व लिपी यांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिन पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तीत पहिले तीन अंक टपालाची विभागणी करणारा प्रदेश, तर शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. संगमनेरच्या ४२२६०५ या क्रमांकाचे पहिले तीन अंक नासिकचे आहेत; म्हणजे महसुली जिल्हा एक आणि टपालाचा मार्ग दुसरा. पत्ता हा वस्तूचा अंगभूत गुण नसून तिच्यापर्यंत पोहोचण्याचा निर्देश असतो, हे यावरून दिसते. संगणकाच्या पत्त्यासही हेच तत्त्व लागू पडते.

विकास : इंटरनेटच्या पत्त्यांची चौथी आवृत्ती १९८१ मध्ये प्रमाणित झाली. तीतील ३२ द्विमान अंकांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते संभवतात. याखेरीज प्रत्येक जाल-जोडणीस स्वतःचा निराळा ओळख-क्रमांक असतो. या दोहोंची सांगड घालणारी पद्धत डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये मांडली. तीनुसार ‘अमुक पत्ता कोणाचा?’ अशी पृच्छा जाळ्यात केली जाते व जो उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. उत्तराचा पुरावा मागितला जात नाही. द्विरुक्तीचे मूळ या विश्वासात आहे. पत्ते आपोआप वाटून देणारी डीएचसीपी पद्धत १९९३ मध्ये आली. १९९६ मध्ये काही पत्ते खाजगी वापरासाठी कायम राखून ठेवण्यात आले. त्यामुळे असंख्य स्वतंत्र जाळी तेच आकडे वापरतात आणि ती परस्परांपासून अलग असेतोवर बाधा येत नाही. पत्ता स्वीकारण्यापूर्वी तो कोणी वापरीत आहे काय, याची चौकशी यंत्राने कशी करावी, याचे नियम २००८ मध्ये निश्चित झाले.

आभासी यंत्रे : आयबीएम कंपनीने व्हीएम/३७० ही आभासी यंत्रांची प्रणाली १९७२ मध्ये जाहीर केली. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने ही सोय वैयक्तिक संगणकावर आणली, तर २००६ मध्ये ॲमेझॉनने अशी यंत्रे भाड्याने देण्यास आरंभ केला. आभासी यंत्र हे मूलतः एक फाइल असल्याने त्याची प्रत क्षणात निघते. प्रतीबरोबर मूळ यंत्राचा कायम पत्ताही येतो. काही वेळा पत्ता मागताना वापरायची खूणही तीच राहते आणि वाटप करणारी प्रणाली दोन यंत्रांना एकच समजून समान पत्ता देते. आपोआप वाटावयाच्या पत्त्यांपैकी एखादा हाताने दिल्यास, अथवा दोन खाजगी जाळी एकत्र जोडल्यासही द्विरुक्ती होते. दोन्ही प्रती माहितीसाठा सांभाळीत असतील, तर नोंदी भलत्याच ठिकाणी लिहिल्या जाण्याचा धोका असतो.

निदान व उपाय : संपर्क मधूनमधून तुटणे हे प्रमुख लक्षण होय. त्याच जाळ्यातील तिसऱ्या यंत्रावरून संशयित पत्त्याची पृच्छा करतात. दोन निराळ्या ओळख-क्रमांकांची उत्तरे आल्यास द्विरुक्ती सिद्ध होते. संशयित यंत्र बंद करूनही पत्ता उत्तर देत राहिला, तर दुसरा धारक अस्तित्वात आहे, हे उघड होते. मग ते ओळख-क्रमांक मेघ-प्रणालीच्या नोंदवहीशी ताडून धारक शोधतात. अनेक मेघ-प्रणाली नोंदीबाहेरील पत्त्यावरून निघालेले संदेश अडवितात. तेथे दोष दुहेरी उत्तराऐवजी मौनाच्या रूपात प्रकटतो व शोध अधिक अवघड होतो. उपाय म्हणून प्रत काढण्यापूर्वी यंत्रातील जुन्या खुणा पुसतात आणि हाताने द्यावयाचे पत्ते वाटपाच्या कक्षेबाहेर ठेवतात. निरनिराळ्या ग्राहकांना समान पत्ते वापरता यावेत, म्हणून प्रत्येक जाळ्यास वेगळा क्रमांक जोडतात. यासाठीच्या व्हीएक्सलॅन या पद्धतीचे विवरण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले असून तीत सुमारे १ कोटी ६७ लाख जाळी ओळखता येतात. ग्रामनामांतील जोडनावाचे कार्य येथे हा क्रमांक करतो.

सहाव्या आवृत्तीतील १२८ द्विमान अंकांच्या पत्त्यांमुळे टंचाई दूर होते. परंतु पत्ता धारण केलेल्या यंत्राची हुबेहूब प्रत काढल्यास द्विरुक्ती तेथेही संभवते. पत्त्यांची अनन्यता आकड्यांच्या विपुलतेपेक्षा त्यांच्या अचूक नोंदीवर अवलंबून असते.