नोंदवहीची भाषा : सांबा, मायक्रोसॉफ्ट आणि वीस वर्षांचा झगडा (थ्रेड)

डिसेंबर १९९१. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. तेथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणारा अँड्र्यू ट्रिजेल हा विद्यार्थी एका पीसीचे आणि एका सर्व्हरचे संभाषण चोरून ऐकत होता. आपल्या युनिक्स यंत्रावरील फायली पीसीवर दिसाव्यात, एवढीच त्याची गरज होती. पण पीसी ज्या भाषेत सर्व्हरशी बोलतो, तिचे नियम त्याच्या हाती नव्हते. म्हणून त्याने तारेवरून जाणारी पॅकेट टिपणारा प्रोग्रॅम लिहिला, प्रश्न आणि उत्तरे शेजारी शेजारी मांडली आणि त्यांवरून त्या भाषेचे व्याकरण रचले. जानेवारी १९९२ मध्ये त्याचा छोटा सर्व्हर जगासमोर आला.

हेच काम पुढे युरोपच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. मात्र तोवर वादाचा विषय फायलींपुरता उरला नव्हता. नेटवर्कवर कोण कोण आहे, कोणाला कोठे प्रवेश आहे, ही यादी कोणी ठेवायची, असा तो प्रश्न झाला होता.

त्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. युनिक्समध्ये वापरकर्त्यांची यादी एका साध्या मजकुराच्या फाईलीत असे. माणशी एक ओळ. त्या ओळीत नाव, एक क्रमांक आणि इतर तपशील. यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे तो क्रमांक. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता सर्वाधिकारी. यंत्र एकच असेपर्यंत ही व्यवस्था उत्तम चालली. यंत्रे पन्नास झाली की याद्याही पन्नास. संस्था सोडून गेलेल्या माणसाचे नाव एकोणपन्नास ठिकाणी खोडले आणि एका ठिकाणी राहिले, तर ते दार त्याला उघडेच.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात यावर 'यलो पेजेस' नावाचा उपाय काढला : यादी एकाच सर्व्हरवर ठेवायची, बाकी यंत्रांनी त्याला विचारायचे. ब्रिटनमध्ये या नावाचा ट्रेडमार्क ब्रिटिश टेलिकॉमकडे असल्याने ते बदलून 'एनआयएस' करावे लागले. आज्ञांच्या आरंभी असणारी 'वायपी' ही अक्षरे मात्र तशीच राहिली. व्यवस्था सोयीची, पण भाबडी होती. विचारणाऱ्या कोणालाही ती सांकेतिक रूपातील पासवर्ड देऊन टाकी.

याच सुमारास अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या 'अथेना' प्रकल्पातून 'केर्बेरॉस' जन्मास आले. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. पासवर्ड तारेवरून पाठवायचाच नाही. मध्यवर्ती सर्व्हरकडून मुदतीचे तिकीट घ्यायचे आणि ते दाखवून आत जायचे, ही त्यातील युक्ती. तर १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी 'एलडॅप' हा डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याचा सुटसुटीत प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. दोन्हींचे नियम खुले होते. वाचावे आणि वापरावे.

विंडोजची वाट निराळी होती. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये 'डोमेन' आले. एक मुख्य सर्व्हर सर्वांची खाती सांभाळी आणि प्रत्येक माणसास एक लांबलचक ओळखक्रमांक देई. युनिक्सचा छोटा क्रमांक आणि विंडोजचा हा लांब क्रमांक यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. ज्या संस्थेत दोन्ही प्रकारची यंत्रे होती, तेथे एकच माणूस दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून नांदत असे : दोन खाती, दोन पासवर्ड आणि ते जुळवता जुळवता थकलेला एक व्यवस्थापक.

इकडे ट्रिजेलचा सर्व्हर वाढत होता. १९९४ मध्ये एका कंपनीने त्याच्या नावावर हक्क सांगितला. तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाईलीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असणारे शब्द शोधले. मोजके शब्द हाती लागले, त्यांतून 'सांबा' निवडले गेले. प्रकल्पाची कार्यपद्धती ट्रिजेलने पुढे एका दृष्टान्ताने समजावली : फ्रेंच न जाणणारा माणूस फ्रान्समधील उपाहारगृहात बसला आहे. लोक काय मागतात आणि वेटर काय आणतो, हे तो पाहतो. कधी उठून एकेक शब्द स्वतः उच्चारतो आणि वेटर कोणत्या शब्दाला कपाळाला आठ्या घालतो, याची नोंद ठेवतो. सांबाचे प्रोग्रॅमर सर्व्हरला असेच शेकडो आदेश पाठवीत आणि चुकीच्या उत्तरांचे प्रकार वर्गवार लावीत. मायक्रोसॉफ्टचा कोड त्यांनी पाहिला नव्हता, आणि कायद्याच्या दृष्टीने तेच त्यांचे बळ होते. कष्ट मात्र अफाट.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आले आणि सोबत 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी'. तिच्या गाभ्यात होते एलडॅप आणि केर्बेरॉस, म्हणजे तेच खुले प्रोटोकॉल! आता सारी यंत्रे एका पटावर येतील, अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. पण मायक्रोसॉफ्टने केर्बेरॉसच्या तिकिटातील एका मोकळ्या रकान्यात स्वतःची माहिती भरली होती : हा माणूस कोणत्या गटांचा सदस्य, त्याचे अधिकार काय. तिचा आराखडा कंपनीने प्रसिद्ध केला खरा. परंतु तो वाचण्यापूर्वी 'हे व्यापारी गुपित आहे' अशी कबुली देणारे बटण दाबावे लागे. खुल्या वाड्याच्या देवडीवर बसवलेले हे कुलूप होते.

युरोपमध्ये ठिणगी आधीच पडली होती. विंडोजच्या डिरेक्टरीशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सनने १९९८ मध्ये मागितली, मायक्रोसॉफ्टने ती नाकारली आणि डिसेंबरमध्ये सनने युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. २४ मार्च २००४ रोजी आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला आणि सर्व्हरांच्या परस्पर संभाषणाची माहिती स्पर्धकांना देण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली.

यानंतरचा भाग अधिक बोलका आहे. एप्रिल २००४ मध्ये सनने जवळपास दोन अब्ज डॉलरांची तडजोड स्वीकारली आणि मूळ तक्रारदारच बाजूला झाला. नोव्हेंबरमध्ये ५३.६ कोटी डॉलर घेऊन नॉव्हेल निघून गेली. धनाढ्य साथीदार एकेक करून पांगले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप आणि सांबाचे प्रोग्रॅमर मात्र मागे राहिले. ट्रिजेल, जेरेमी ॲलिसन, फोल्कर लेंडेके आणि वकील कार्लो पियाना यांनी ती बाजू लढवली. आपल्या सर्व्हरांचे आपसांतील बोलणे एका 'निळ्या बुडबुड्या'च्या आतले आहे, ते बाहेरच्यांना देता येणार नाही, असा मायक्रोसॉफ्टचा युक्तिवाद होता. त्या बुडबुड्यातच खात्यांची यादी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात असे. त्याबाहेर राहणारा कायमचा पाहुणा, यजमान कधीच नाही.

१७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने या मुद्द्यावर आयोगाची बाजू उचलून धरली. २० डिसेंबरला करार झाला. सांबासाठी उभारलेल्या एका संस्थेने १०,००० युरो एकरकमी भरले. कागदपत्रे गुप्त राहणार होती, पण त्यांवरून लिहिलेला कोड खुला करण्याची मुभा मिळाली. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ३०,००० हून अधिक पानांची प्रोटोकॉल-माहिती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. दहा हजार युरो वाया गेले म्हणावेत, तर त्या दोन महिन्यांमागची नऊ वर्षे विसरावी लागतील.

कागद हाती आल्यावरही काम सोपे नव्हते. केर्बेरॉस, एलडॅप, नावे शोधणारी डीएनएस व्यवस्था आणि फायलींचा जुना प्रोटोकॉल यांना एकाच यंत्रात, एकाच यादीवर चालवायचे होते. केर्बेरॉससाठी स्वीडनमध्ये घडलेली 'हाइमडाल' ही आवृत्ती घेतली गेली. हाइमडाल म्हणजे नॉर्स पुराणातील देवलोकाच्या पुलावरचा पहारेकरी. परस्परजुळणीच्या चाचण्यांना आता मायक्रोसॉफ्टचेच अभियंते साहाय्य करीत होते.

११ डिसेंबर २०१२ रोजी सांबा ४.० प्रसिद्ध झाले. लिनक्सच्या यंत्रावर चालणारा सर्व्हर आता ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा नियंत्रक होऊ शकत होता. विंडोजचा पीसी त्याच्याकडे तिकीट मागे. सांबा तिकीट काढून देई, त्या वादग्रस्त रकान्यातील गटांच्या यादीसह.