काशाची वाटी ते रबरी चप्पल : चवड्याच्या दुखण्याचा इतिहास आणि संशोधनाचा प्रश्न

"पीएच.डी. करायचीय, पण विषयच सापडत नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी आजचा लेख. विषय कुठं दूर शोधायला नको. शिरूर अनंतपाळ भागात सोयाबीनच्या काढणीनंतर कुणाचेही पाय बघा. दिवसभर रानात उभं राहून, चालून चवडा ठणकतो. चवडा म्हणजे बोटांच्या मागचा, तळव्याचा पुढचा गादीसारखा भाग. यावर घरातला उपाय ठरलेला असतो : पायाला तूप नाहीतर एरंडेल लावायचं आणि काशाच्या वाटीनं तळवे घासायचे. थोड्या वेळानं तूप काळं पडतं, आजी म्हणते, "बघ, उष्णता निघाली." आणि खरंच बरं वाटतं.

आता तुम्ही संशोधक म्हणून विचारा : बरं नेमकं कशामुळे वाटलं? तुपामुळे, वाटीमुळे, चोळण्यामुळे, की अर्धा तास पाय पसरून बसल्यामुळे?

आधी जुना पुरावा बघू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात पादाभ्यंग, म्हणजे पायाला तेल चोळणं, सांगितलंय. पायाचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा, बधिरपणा यानं कमी होतो असं तिथं म्हटलंय. गंमत म्हणजे त्याच अध्यायात थोडं पुढं पादत्राण वापरण्याचेही फायदे दिलेत. म्हणजे पायाची काळजी म्हणून दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्यात : चोळणं आणि पायाखाली काहीतरी घालणं. आपण घरात पहिली जपली, दुसरीकडं मात्र दुर्लक्ष केलं.

तिकडं युरोपात १८४५ साली लुईस डर्लाकर या लंडनच्या पायतज्ज्ञानं चवड्यातल्या एका विशिष्ट दुखण्याचं वर्णन केलं. तिसऱ्या-चौथ्या बोटांमागच्या हाडांच्या मध्ये जाणाऱ्या नसेशी त्यानं ते जोडलं. पुढं १८७६ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस मॉर्टन यांनी तेच दुखणं चौथ्या बोटाच्या सांध्याशी जोडलं आणि तो सांधाच काढून टाकण्याचा उपाय सांगितला. जागा डर्लाकरची जास्त बरोबर होती, पण नाव मिळालं मॉर्टनचं. आजही त्याला 'मॉर्टन्स न्यूरोमा' म्हणतात. त्यात 'न्यूरोमा' म्हणजे नसेची गाठ हा शब्दही फसवा, कारण प्रत्यक्षात नसेभोवतीचं आवरण जाड झालेलं असतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे ध्यानात ठेवा. आजाराच्या नावातच एखादं जुनं गृहीतक लपलेलं असू शकतं.

खरा मोठा बदल आपल्या देशातच झाला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांच्या तळव्याला, त्यातही चवड्याला, जखमा व्हायच्या. या रोगात मांसच सडतं असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की मांस इतरांसारखंच भरून येतं, फक्त पायाला संवेदना उरलेली नसते. दुखत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो आणि जखम होते. पाय प्लास्टरमध्ये ठेवून भार पसरवला की जखमा भरायच्या. पुढं सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या, चपला आल्या. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून त्या आजही दिल्या जातात.

यामागचं गणित शाळेतलंच आहे : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा ६०० न्यूटन भार ६० चौरस सेंटीमीटरवर पडतोय, तर दाब १०. टाच उचलली आणि तोच भार ३० चौरस सेंटीमीटरवर आला, तर दाब २०. पुढं रुंद असलेली मऊ चप्पल, पोटरीचा ताण कमी करणारे व्यायाम, विश्रांती, चवड्याच्या किंचित मागं ठेवलेली छोटी गादी, हे बिनऔषधी उपाय भार तरी पसरवतात किंवा कमी तरी करतात. गादी दुखऱ्या जागेवर नाही, तिच्या मागं ठेवायची. ती तिथं भार उचलून धरते आणि पुढच्या हाडांवरचा दाब उतरतो.

मग वाटीचं काय? काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. 'उष्णता निघाली' हे विधान तपासायचं तर कंट्रोल हवा. तेच तूप, तीच वाटी, पण पायाऐवजी चामड्याच्या तुकड्यावर घासा. मग पायावर, पण काचेच्या वाटीनं. तिसऱ्यांदा काहीच न चोळता नुसतं बसा. तूप कधी काळं पडतं ते एका रकान्यात लिहा आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती ते दुसऱ्या रकान्यात. काळं पडणं आणि बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र घडतात म्हणून एकीमुळे दुसरी होते, हे सिद्ध होत नाही.

हा नुसता बौद्धिक खेळ नाही. गावात मधुमेह वाढतोय आणि त्यातही पायाची संवेदना जाते. अशा माणसाला वाटी घासल्यावर "आता दुखत नाही" वाटलं, तर ते बरं होण्याचं लक्षण असेलच असं नाही. वेल्लोरच्या रुग्णांनाही दुखत नव्हतंच. म्हणून साखर असलेल्यांनी रोज रात्री तळवे डोळ्यांनी बघावेत, लाली, फोड किंवा भेग दिसली तर चोळत न बसता दवाखाना गाठावा. दुखणं काही आठवडे हटत नसेल, सूज किंवा मुंग्या असतील, तर बाकीच्यांनीही दाखवावं.

तुमच्या प्रपोजलसाठी एवढं करा : घरातला एक उपाय घ्या, त्याचे सुटे भाग कागदावर लिहा आणि प्रत्येक भागासमोर "हा काढला तर काय उरेल?" हा प्रश्न मांडा. ज्या भागाचं उत्तर कुणाकडंच नसेल, तिथून तुमचं काम सुरू होतं.