ब्लँक पाहिलास का गं?

ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी इथे घातल्या आहेत.

सुरुवात माझ्या फजितीपासून. माझं काम म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटरमधून निघालेल्या फायली वाचणं. यंत्र रेणू फोडतं आणि तुकड्यांची वजनं देतं. मडकं फुटलंय, खापऱ्यांचा आकार दिसत नाही, फक्त प्रत्येकीचं वजन कळतं, त्यावरून मडकं ओळखा, असा हा प्रकार. सुरुवातीच्या वर्षांत अडुळशाच्या अर्कात मला २७९.१६ वर एक उंचच उंच शिखर दिसलं. फोडल्यावर १४९.०२ चा तुकडा. मी दोन रात्री जागून त्याला एक भारदस्त नाव दिलं, आकृतीसुद्धा काढून ठेवली. आमच्या लॅबमधल्या सिनियर ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ब्लँक पाहिलास का गं?"

ब्लँक म्हणजे पानं न घालता नुसतं मिथेनॉल यंत्रातून चालवून बघायचं. ते केलं. शिखर तिथंही तेवढंच उंच. अडुळसा नाही, काही नाही. प्लास्टिकमध्ये मऊपणासाठी घालतात तो थॅलेट, आमच्याच नळ्यांतून उतरलेला. १४९.०२ ही त्या घराण्याची खूणच आहे. ताईंना ते पाठ होतं. माझ्या संगणकाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

हे "कुणीतरी सांगायला लागतं" प्रकरण जुनं आहे, साठ वर्षांचं. १९६५ मध्ये स्टॅनफर्डला जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड फायगेनबॉम एकत्र आले. लेडरबर्ग हे जनुकशास्त्रज्ञ, १९५८ चे नोबेल मानकरी. पण त्यांच्या डोक्यात मंगळ होता. तिथल्या मातीत जीवसृष्टीची रसायनं आहेत का हे मास स्पेक्ट्रोमीटर पाठवून बघायचं, तर त्याचे आकडे वाचायला मंगळावर रसायनतज्ज्ञ कुठून आणणार? फायगेनबॉम संगणकवाले, शास्त्रज्ञ विचार कसा करतात हे यंत्राला शिकवता येईल का, हा त्यांचा ध्यास. त्यातून डेंड्रल नावाचा प्रकल्प उभा राहिला.

लेडरबर्ग यांनी आधीच एक रीत बसवली होती: अणूंची संख्या दिली की शक्य त्या सगळ्या रचना एकही न सोडता, एकही दोनदा न मोजता मांडायच्या. ऐकायला सोपं वाटतं. दहा कार्बनांच्या साध्या अल्केनच्या ७५ रचना होतात. वीस कार्बन घ्या, ३,६६,३१९! नुसतं मांडत बसलो तर झालंच. छाटणी हवी, आणि छाटणीसाठी रसायनशास्त्र हवं.

मग आले कार्ल जेरासी, गर्भनिरोधक गोळीतल्या संप्रेरकामुळे नाव झालेले. त्यांच्या गटाला रेणू कसे फुटतात याची नियमावली ठाऊक होती. उदाहरणार्थ, मिथाइल कीटोनची साखळी पुरेशी लांब असेल तर ५८ ला तुकडा मिळतो; फ्रेड मॅकलॅफर्टी यांच्या नावानं ओळखली जाणारी पुनर्रचना ती हीच. पण बरंचसं ज्ञान कागदावर नव्हतं, हातात आणि नजरेत होतं. ते विचारून विचारून काढायचं आणि नियमांत बसवायचं, यासाठी गटात ब्रूस बुकॅनन होते. शिक्षणानं तत्त्वज्ञानाचे! मला या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस हाच. तज्ज्ञाला "तुम्हाला हे कसं कळलं?" असं विचारणं ही स्वतंत्र विद्या आहे. डेंड्रल संभाव्य रचना मांडायचं, नियमांनी छाटायचं, उरलेल्यांचे तुकडे कसे पडतील याचा अंदाज करायचं आणि यंत्राच्या आकड्यांशी ताडून बघायचं. पुढे मेटा-डेंड्रल आलं. ते उदाहरणांवरून असे नियम स्वतःच काढू पाहायचं.

डेंड्रल स्वतः मंगळावर गेलं नाही. मास स्पेक्ट्रोमीटर मात्र गेला, १९७६ मध्ये, व्हायकिंगच्या दोन्ही यानांवर. या प्रयोगाचे प्रमुख होते एमआयटीचे क्लाउस बीमन. माती तापवली, वाफ यंत्रात सोडली. क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेनच्या खुणा दिसल्या. निष्कर्ष निघाला की हे पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकांचे अवशेष. म्हणजे माझ्या थॅलेटसारखंच. मंगळाच्या मातीत सेंद्रिय रेणू सापडले नाहीत, असं जाहीर झालं.

पण २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट मिळालं. ते सेंद्रिय पदार्थांबरोबर तापवलं की क्लोरोमिथेनसारखी संयुगं तयार होऊ शकतात. २०१० मध्ये काही संशोधकांनी आटाकामा वाळवंटातल्या मातीवर तसं करून दाखवलं आणि व्हायकिंगचा निकाल पुन्हा उघडला. बीमन यांना ते पटलं नाही. पुढे क्युरिऑसिटीनं क्लोरिनयुक्त सेंद्रिय रेणू मंगळाचेच असल्याचं दाखवलं, तरी १९७६ च्या त्या शिखरांवरचा वाद पूर्ण मिटलेला नाही. मी परक्याला घरचं समजले. तिथं कदाचित घरच्याला परकं समजलं गेलं.

आता यंत्रं फार पुढे गेलीत. एका नमुन्यात हजारो शिखरं येतात. येना विद्यापीठातल्या सेबास्टियन ब्योकर यांच्या गटाची सीएसआय फिंगरआयडी ही पद्धत तुकड्यांवरून रेणूच्या गुणधर्मांची यादी काढते आणि त्या यादीशी जुळणारी रचना मोठ्या साठ्यांत शोधते. तरी २०१५ मध्ये आलेल्या एका प्रसिद्ध लेखातला आकडा ऐका: अशा प्रयोगांतल्या वर्णपटांपैकी सरासरी १.८ टक्क्यांनाच तेव्हा नाव देता येत होतं. बाकी सगळा अंधार. या अंधारात घाईघाईनं नाव द्यायचा मोह काय असतो, ते मला विचारा. अर्धा दिवस शोधायचं, साठ्यातून एक बरंसं नाव वर येतं, गुणही चांगले दिसतात, आणि परिच्छेद लिहून मोकळं होता येतं. त्या नावावर पुढे कुणी औषधाची आशा बांधली, तर तो बिचारा माझ्या नळीतल्या प्लास्टिकवर आशा बांधणार.

ताई आता दुसऱ्या शहरात असतात. मी नवीन मुलांना फाईल देते तेव्हा ब्लँकची फाईल त्याच फोल्डरमध्ये, तिच्याच शेजारी ठेवते. नावाआधी १ लिहिते, म्हणजे यादीत ती पहिली येते.

पुढच्या भागात अ‍ॅस्टन आणि निऑनची गोष्ट. भेटूया.