चेस्टनटच्या सावलीतले बंड

कॉर्सिकाचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते नेपोलियनचे जन्मस्थान म्हणून. मला मात्र या बेटाच्या इतिहासात नेपोलियनपेक्षा एका झाडाचे चरित्र अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे.

आधी भूमी पाहू. सुमारे ८,७०० चौरस किलोमीटरचे हे बेट म्हणजे भूमध्य समुद्रातून थेट वर आलेला पर्वत. दोन हजार मीटरांहून उंच अशी शंभरावर शिखरे आहेत. त्यांतले सर्वोच्च मोंते चिंतो २,७०६ मीटरांचे, आणि तिथून समुद्र जेमतेम पंचवीस किलोमीटर. पश्चिमेकडे ग्रॅनाइटचे कडे थेट पाण्यात उतरतात. ईशान्येला ठिसूळ, पापुद्र्यांच्या शिस्ट खडकाचे डोंगर आहेत. सपाट जमीन काय ती पूर्व किनाऱ्याला, पण तिथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिवतापाचे राज्य होते. त्यामुळे माणसे डोंगरात राहिली. बेटावरचे लोक आणि समुद्राला पाठमोरे, हे चमत्कारिक वाटते खरे. पण समुद्रावरून त्यांच्याकडे आले ते चाचे आणि परके राज्यकर्ते.

त्या राज्यकर्त्यांत जिनोआ प्रमुख. १५८४ साली जिनोआच्या गव्हर्नराने फर्मान काढले की, प्रत्येक जमीनधारकाने दरवर्षी चार फळझाडे लावावीत : ऑलिव्ह, अंजीर, तुती आणि चेस्टनट. चेस्टनट बेटावर त्याआधीही होते, पण शिस्टच्या उतारांवर ते असे फोफावले की त्या मुलखाचे नावच कास्तान्यिच्चा, म्हणजे चेस्टनटचा प्रदेश, असे पडले. (आपल्या शिंगाड्याला इंग्रजीत याच फळाचे नाव चिकटले आहे, नाते मात्र काही नाही. पीठ होते दोन्हींचे.) शरदात फळे वेचायची, चुलीवरच्या फळ्यांच्या माळ्यावर महिनाभर धुरात वाळवायची, सोलून दळायची आणि त्या पिठाचा घट्ट गोळा, पुलेंदा, वर्षभर खायचा.

पुढे जे घडले ते जिनोआने योजले नव्हते. अठराव्या शतकात कॉर्सिकनांनी बंड केले तेव्हा बास्तिया, काल्वी, आयाचो, बोनिफाचो ही किनाऱ्यावरची ठाणी जिनोआकडेच होती. धान्याची वाट अडवून बंड उपाशी मारणे एरवी सोपे होते. पण अन्न डोंगरातच पिकत होते. १७५५ साली ज्याला सेनापती निवडले तो पास्क्वाले पाओली याच कास्तान्यिच्चातला. त्याने राजधानी केली ती बेटाच्या पोटातल्या कोर्तेला. तिथे राज्यघटना आणली, १७६५ साली विद्यापीठ काढले. त्याच वर्षी त्याला भेटायला आलेला जेम्स बॉस्वेल लिहितो की, भूक लागली की वाटेवरच्या चेस्टनटांना दगड मारून खिसे भरायचे आणि तहान लागली की ओढ्याला तोंड लावायचे. त्याला ती मौज वाटली. मला त्यात एका सैन्याची रसद दिसते.

१७६८ साली जिनोआने बेटावरचे हक्क फ्रान्सच्या हवाली केले आणि मे १७६९ मध्ये पोंते नोवूच्या पुलावर पाओलीचा पराभव झाला. नव्या अंमलदारांनाही मूळ कशात आहे ते उमगले असावे. चेस्टनट माणसाला आळशी करते, अशी तक्रार ते करू लागले. हा आरोप मला तद्दन खोटा वाटतो. कलमे बांधणे, उतारावर बांध घालणे, झाडाखालचे रान साफ ठेवणे, वाळवण, दळण : यात आळस कुठे आहे? कर वसूल करणाऱ्याला गव्हाचे शेत मोजता येते, डोंगरातले झाड मोजणे जड जाते, एवढाच त्याचा अर्थ.

जे फ्रेंच सत्तेला हुकुमाने साधले नाही ते बाजाराने केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चामडे कमावण्यासाठी लागणारे टॅनिन चेस्टनटच्या लाकडातून काढणारे कारखाने आले आणि जुनी झाडे वजनावर विकली गेली. मग पहिल्या महायुद्धाने तरुण नेले; उरलेले मार्सेयला नोकरीला गेले. २०१० साली झाडाच्या कळ्यांवर गाठी आणणारी मूळची चीनमधली गांधीलमाशी बेटावर पोचली आणि पिठाचे उत्पादन कोसळले. तिच्यावर जगणारी दुसरी परोपजीवी माशी सोडून सावरण्याचा प्रयत्न झाला.

कास्तान्यिच्चात आजही जुने वृक्ष उभे आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांची फळे वेचायला माणूस नाही. ती मोकळी सोडलेली डुकरे खातात, आणि त्या डुकरांच्या मांसाला बाजारात चांगला भाव येतो.