शरीरसौष्ठव स्पर्धांचे नेपथ्य

‘नेपथ्य’ हा शब्द आज आपण रंगमंचावरील सजावटीसाठी वापरतो. संस्कृत नाटकांत मात्र पडद्यामागील ज्या जागेत नट वेष धारण करीत, ती जागा म्हणजे नेपथ्य. प्रस्तुत लेखात हा शब्द त्या मूळ अर्थानेच योजिला आहे. मराठी माणूस नाटकवेडा असल्याने नाटकाचे नेपथ्य त्याच्या परिचयाचे असते. परंतु जेथे संवाद नाहीत, वेष जवळजवळ नाही आणि मनुष्याचा देह हेच ज्याचे एकमेव पात्र आहे, अशाही एका रंगमंचास पडद्यामागची बाजू आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. हा रंगमंच म्हणजे शरीरसौष्ठव स्पर्धांचा.

कुस्तीत निकाल सर्वांसमक्ष लागतो. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला; त्यात शंकेला जागा नाही. वजन उचलण्याच्या स्पर्धेत किलोग्रॅम बोलतात. शरीरसौष्ठवात असे कोणतेही स्वयंसिद्ध प्रमाण नाही. दहा-पंधरा तरुण एका ओळीत उभे राहतात आणि परीक्षक केवळ डोळ्यांनी पाहून क्रम लावतात. तेव्हा सर्वांवर प्रकाश सारखा पडला काय, गट योग्य पाडले गेले काय, प्रत्येकास तयारीला समान अवधी मिळाला काय, या गोष्टींवर निकालाची न्याय्यता अवलंबून राहते. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास याचे नवल वाटत नाही. निर्णयाखाली सही वरिष्ठांची असते. पण तो न्याय्य ठरतो की नाही, हे खालच्या टेबलावर टिपणी कशी तयार झाली यावरच ठरते.

या स्पर्धांचा इतिहास पाहू गेल्यास पहिले नाव येते ते युजेन सँडो यांचे. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी जी भव्य स्पर्धा भरविली, ती आधुनिक शरीरसौष्ठव स्पर्धांची जननी मानली जाते. ठिकठिकाणच्या निवडीतून आलेले साठ स्पर्धक तेथे होते. परीक्षक म्हणून स्वतः सँडो, शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल बसले होते. नॉटिंगहॅमचे विल्यम मरे विजयी होऊन सँडोच्या सोनेरी पुतळ्याचे मानकरी ठरले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती तेथील व्यवस्था. सर्वांना एकच पोशाख ठरवून दिला होता : काळी तंग विजार, काळा कमरपट्टा आणि बिबट्याचे कातडे. केवळ आकाराने मोठा तो श्रेष्ठ, असा निकष न ठेवता सर्वांगाचा समतोल, स्नायूंची स्थिती, आरोग्य आणि त्वचेची कांती ही परीक्षणाची अंगे आधीच ठरविलेली होती. समान वेष, समान मंच आणि पूर्वघोषित निकष ही तीन तत्त्वे या क्षेत्राने पुढे कधी सोडली नाहीत.

हेच सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेले. त्यांची कीर्ती मात्र त्याआधीच येथे पोहोचली होती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी अनेक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि पुढे मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहाने ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांनी या नमस्कारांचा जो प्रसार केला, तो सर्वज्ञात आहे. शरीराचे कसब दाखविण्यासाठी लागणारी शिस्तही आपल्याला परकी नव्हती. सांगली भागातील विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली. एक खेळ रिंगणातून बाहेर पडण्यापूर्वी दुसरा दाराशी सज्ज असला पाहिजे, हा सर्कशीचा नियम आजच्या शरीरसौष्ठव स्पर्धेतही जसाच्या तसा लागू आहे.

ही परंपरा आपल्या या बंगळूर नगरीत कशी रुजली, हे पाहण्यासारखे आहे. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर म्हणून हे शहर आपल्या इतिहासाशी जोडले गेले, याचा अभिमान येथील प्रत्येक मराठी कुटुंबास आहे. परंतु व्यायामाच्या इतिहासातही औंध आणि बंगळूर यांचा एक धागा आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. जुन्या पेठांतून येथे ‘गरडी’ म्हणजे आपल्याकडील तालमी होत्या. तांबडी माती, मारुतीची मूर्ती आणि पहाटेची मेहनत असे त्यांचे रूप होते. तेथील बळ आखाड्यासाठी होते, रंगमंचासाठी नव्हते. त्या बळास रंगमंचावर आणण्याचे श्रेय प्रामुख्याने प्राध्यापक के. व्ही. अय्यर यांना द्यावे लागेल.

कोलार व्यंकटेश अय्यर हे विलक्षण गृहस्थ होते. त्यांची ‘हर्क्युलस’ व्यायामशाळा दक्षिणेत विख्यात झाली. ‘मसल कल्ट’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३० मध्ये निघाले आणि टपालाद्वारे व्यायाम शिकविण्याचा त्यांचा उपक्रम दूरवर पोहोचला. म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार चौथे यांचा आश्रय त्यांना लाभला होता. वजनांच्या व्यायामास त्यांनी योगासनांची आणि सूर्यनमस्काराची जोड दिली. १९३७ मध्ये तर ‘सूर्यनमस्कार’ याच नावाचे पुस्तक त्यांनी लिहिले. औंधच्या दरबारातून निघालेला प्रवाह असा बंगळुरास येऊन मिळाला. ग्रीक शिल्पांची आठवण व्हावी अशी अय्यर यांची छायाचित्रे पाहिली, म्हणजे छाया आणि प्रकाश यांचा शरीराशी असलेला संबंध त्यांनी किती बारकाईने जाणला होता, हे कळते. आश्चर्य असे की, हेच अय्यर कन्नड नाटककार टी. पी. कैलासम् यांचे स्नेही आणि ‘शांतला’ या कन्नड कादंबरीचे लेखक होते. व्यायाम आणि कला यांचे हे दुहेरी प्रेम त्यांनी १९८० मध्ये निधन होईपर्यंत जपले. त्यांची व्यायामशाळा ज्या जे. सी. रोडवर होती, त्याच रस्त्यावर १९६३ पासून रवींद्र कलाक्षेत्र हे नाट्यगृह उभे आहे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाचे नाव या क्षेत्रात प्रथम गाजविले ते दोन बंगाली वीरांनी. लंडनच्या ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेत १९५१ मध्ये मनतोष रॉय आणि १९५२ मध्ये मनोहर आइच आपापल्या गटात विजयी झाले. आइच यांची उंची अवघी चार फूट अकरा इंच होती. सहा फुटी गोऱ्या तरुणांच्या शेजारी त्यांना उभे केले असते, तर परीक्षकांची दृष्टी आकारावरच खिळली असती. परंतु स्पर्धकांचे गट उंचीप्रमाणे पाडलेले असल्याने त्यांच्या देहाचे खरे मोल झाले. पडद्यामागे उंची मोजणाऱ्या अज्ञात माणसाच्या पट्टीचे महत्त्व यावरून ध्यानी यावे.

१९४६ मध्ये बेन आणि जो वायडर या बंधूंनी कॅनडात आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला आणि १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे व्यावसायिकांसाठी ‘मिस्टर ऑलिंपिया’ स्पर्धा सुरू झाली. पुढे वजनी गटांची पद्धत सर्वत्र रूढ झाली आणि नेपथ्यातील कामास शास्त्राचे स्वरूप आले. साधारणतः स्पर्धेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी वजने होतात. काटा सर्वांसमक्ष तपासावा, वजनाच्या नोंदीवर स्पर्धकाची सही घ्यावी, पोशाख नियमात बसतो की नाही ते पाहावे आणि क्रमांकाचा बिल्ला द्यावा, असा क्रम असतो. प्राथमिक परीक्षणात निवेदक केवळ क्रमांक पुकारतो, नाव नाही. कारण नावाभोवती कीर्ती असते आणि कीर्ती परीक्षकाच्या लेखणीवर भार टाकते. त्यानंतर चारही बाजूंनी उभे राहणे, ठरावीक सक्तीच्या ‘पोझेस’, स्पर्धकांची परस्परांशी तुलना आणि अखेर प्रत्येकाने संगीतावर साधारणतः एका मिनिटात करावयाचे स्वतंत्र प्रदर्शन, असे टप्पे येतात. परीक्षक विषम संख्येने असतात. टोकाचे गुण वगळून उरलेल्या क्रमांकांची बेरीज केली जाते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला.

प्रकाशयोजना हा या व्यवस्थेचा प्राण होय. प्रकाश सरळ समोरून आला तर स्नायूंच्या खाचा बुजतात. केवळ डोक्यावरून आला तर चेहऱ्यावर आणि पोटावर काळोख साचतो. म्हणून समोरून, वरच्या बाजूने, तिरका आणि पांढरा प्रकाश संपूर्ण मंचावर एकसारखा असावा लागतो. परीक्षण चालू असताना रंगीत दिवे वर्ज्य. मागील पडदा गडद आणि बिनचित्राचा हवा. तरीही ओळीच्या टोकाचा स्पर्धक किंचित अंधारात राहतोच. म्हणून सुज्ञ मुख्य परीक्षक मधल्यांना टोकाला आणि टोकाच्यांना मध्ये आणवितात. स्पर्धक अंगास गडद रंग लावतात, तेही तीव्र प्रकाशात त्वचा फिकी पडून स्नायूंच्या रेषा पुसल्या जाऊ नयेत म्हणून.

आता विंगेत डोकावू. येथे रंग लावण्याची जागा वेगळी, व्यायाम करून स्नायूंत रक्त खेळविण्याची जागा वेगळी आणि मंचावर जाणाऱ्यांची रांग वेगळी असावी लागते. जमिनीवर जाड आच्छादन नसेल, तर सांडलेल्या तेलावरून पाय घसरतो. शिवाय नाट्यगृहाच्या भिंती आणि पडदे डागाळून अनामत रकमेस मुकावे लागते, ते निराळेच. एक गट मंचावर असताना दुसरा रांगेत आणि तिसरा व्यायामाच्या जागी, असे चक्र चालले पाहिजे. पंधरा स्पर्धकांच्या गटास प्रत्येकी एक मिनिट प्रदर्शनाचे आणि वीस सेकंद जाण्यायेण्याचे धरले, तर बरोबर वीस मिनिटे लागतात. हा हिशेब ज्याने आधी कागदावर मांडला, तो व्यवस्थापक यशस्वी होतो. कारण स्नायूंत खेळविलेले रक्त फार वेळ तेथे टिकत नाही. एखाद्यास लवकर बोलाविले तर तो अपुऱ्या तयारीने जातो, उशिरा बोलाविले तर थकून जातो. आणि दोन्ही वेळी अन्याय घड्याळाने केलेला असतो.

परंतु न्यायाहूनही मोठी गोष्ट म्हणजे जीव. स्नायू उठून दिसावेत म्हणून शेवटच्या दिवसांत पाणी तोडण्याची, आणि काही जणांत शरीरातील पाणी काढून टाकणारी औषधे घेण्याची घातक प्रथा या क्षेत्रात शिरली. मोहम्मद बेनाझिझा हा नामांकित व्यावसायिक स्पर्धक १९९२ मध्ये हॉलंडमधील स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला. १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘अर्नोल्ड क्लासिक’ स्पर्धेत पॉल डिलेट याचे शरीर मंचावरच आखडले आणि त्याला पुतळ्यासारखा उचलून आत न्यावे लागले. सँडोने देहाचा पुतळा बक्षीस म्हणून दिला होता; येथे देहाचाच पुतळा झाला. अशा घटनांनंतर पडद्यामागे वैद्य, पाणी आणि क्षार, तसेच कोणाचा चेहरा कसा दिसतो हे सतत न्याहाळणारा अनुभवी कार्यकर्ता यांची आवश्यकता कोणी नाकारू शकत नाही. ज्याचे पाय थरथरतात त्याला मंचावर जाऊ न देण्याचा अधिकार या कार्यकर्त्यास असला पाहिजे, मग त्याच्या नावाच्या घोषणा प्रेक्षागृहात कितीही होत असोत.

आपल्या महाराष्ट्रात या खेळाचे प्रेम फार. मुंबईच्या गिरणगावापासून कोल्हापूरपर्यंत ‘श्री’ या एका अक्षरासाठी तरुण वर्षानुवर्षे घाम गाळतात. मैदानात मांडव घालून, फळ्यांचा मंच उभारून, स्थानिक मंडळे स्पर्धा भरवितात आणि २०११ मध्ये मुंबईत ‘शेरू क्लासिक’सारखी जागतिक व्यावसायिकांची स्पर्धाही झाली. व्यावसायिक स्पर्धेत स्पर्धक मोजके आणि वेळापत्रक काटेकोर असते. आपल्या हौशी स्पर्धांत मात्र एक दोष घर करून बसला आहे, आणि तो म्हणजे मध्येच येणारे सत्कार. पाहुणे उशिरा येतात, शाली-श्रीफळे होतात, भाषणे लांबतात. त्या वेळी मांडवामागे अंगास तेल लावलेले, दिवसभर घोटभर पाण्यावर राहिलेले तरुण उघड्या अंगाने उभे असतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावयाचा असतो, म्हणून अखेरचे गट घाईने उरकले जातात. आणि अखेरचा गट बहुधा सर्वांत वजनदारांचा, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रेक्षक थांबलेले असतात त्यांचाच असतो. पाहुण्यांचा मान राखण्यात कोणाचा आक्षेप नाही. परंतु तो पहिला स्पर्धक रंग लावण्यापूर्वी राखावा, एवढीच अपेक्षा.

परमुलखात राहून पन्नास वर्षे एखादे मंडळ चालते, ते मंचावर गाणाऱ्यांमुळे जितके, तितकेच खुर्च्या मांडणाऱ्या, पेटीची चावी सांभाळणाऱ्या आणि कार्यक्रम संपल्यावर सभागृह झाडून परत करणाऱ्यांमुळे. स्मरणिकेत छायाचित्रे पहिल्यांची येतात. आपल्या मुलांना व्यायामाची आवड लागो आणि त्यांतील एखादा या बंगळुरात अय्यर यांच्या परंपरेत बक्षीसही मिळवो. परंतु त्यांतील काहींनी काटा तपासणारा, रांग लावणारा, वेळेवर पाण्याचा पेला पुढे करणारा आणि प्रसंगी ‘तू आज मंचावर जाऊ नकोस’ असे ठामपणे सांगणारा माणूस होण्याचीही इच्छा धरावी. या खेळात अशी माणसे स्पर्धकांहून दुर्मीळ आहेत.